अरबी क्रियापदाचा तक्ता उघडण्याआधी

दर्यापूरकडच्या आमच्या गावात संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाच-सहा जण अरबी शिकायला बसतात. कोणी मदरशात चार वर्षं काढलेला, कोणी आखातात जायच्या तयारीतला वेल्डर, एक नर्सबाई, एक निवृत्त तलाठी. प्रत्येकाच्या पिशवीत एकच वस्तू असते, ती म्हणजे क्रियापदांच्या तक्त्यांचं जाडजूड पुस्तक. तक्रारही एकच: “सर, शब्द समोर दिसून राह्यला, पण पुस्तकात भेटून नाही राह्यला.”

पुस्तक बरोबर असतं. चुकतो तो क्रम. लोक पहिल्या दिवशी तक्ता उघडून घोकायला लागतात आणि धातू ओळखायला कधीच शिकत नाहीत. मग दोनशे पानं हाताशी असूनही एक शब्द शोधता येत नाही. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा.

या लेखात अरबी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, ती सोय फक्त इथल्यापुरती. शेवटी ऽ असेल तिथे शेवटचं अक्षर पूर्ण म्हणायचं. कतबऽ म्हणजे क-त-ब. आपण ‘घर’चा र तोडतो तसा इथला ब तोडायचा नाही.

१. तयारी: वही, पुस्तक आणि ठिपके

दोनशे पानी रजिस्टर घ्या आणि मागच्या बाजूने सुरू करा, कारण लिहिणं उजवीकडून डावीकडे जाणार आहे. दोन रंगांचे पेन लागतील. धातूची अक्षरं एका रंगात, बाकी सगळं दुसऱ्यात. हे शोभेसाठी नाही, पुढची पाचवी पायरी यावरच उभी आहे.

पुस्तक घेताना तीन गोष्टी बघा. जेर-जबर-पेश (ऱ्हस्व स्वरांच्या खुणा) प्रत्येक अक्षरावर छापलेले आहेत का? भूतकाळ, वर्तमानकाळ, आज्ञार्थ, कर्मणी रूप आणि मस्दर (म्हणजे क्रियावाचक नाम) एकाच पानावर आहेत का? आणि मागे धातूनुसार सूची आहे का? सूची नसलेलं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

झेरॉक्स प्रत तर अजिबात नको. मी सुरुवातीला मित्राच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली होती. अरबीत जीम, बडी हे आणि खे या तिघांचा सांगाडा एकच, फरक फक्त ठिपक्याचा. मशीनने ठिपका खाल्ला आणि मी अख्खा पावसाळा ‘खरजऽ’ (तो बाहेर पडला) हे बडी हेने ‘हरजऽ’ म्हणून पाठ केलं. चूक लक्षात आली तेव्हा वहीची चाळीस पानं बाद झाली होती.

*सावध:* वहीत अरबी शब्द देवनागरीत उतरवू नका. आपला एक ‘ह’ त्यांच्या दोन अक्षरांना पुरवावा लागतो, एक ‘स’ तिघांना. ऐन आणि अलिफ दोन्ही ‘अ’ होतात. ऐनने लिहिलेलं ‘अलिमऽ’ म्हणजे त्याला कळलं, अलिफने लिहिलेलं ‘अलिमऽ’ म्हणजे त्याला दुखलं. देवनागरीत दोघांचा एकच चेहरा. शिवाय कतबऽ म्हणजे त्याने लिहिलं आणि कतबा म्हणजे त्या दोघांनी लिहिलं. कतबनऽ म्हणजे त्या बायांनी लिहिलं आणि कतबना म्हणजे आम्ही लिहिलं. एका काना-मात्रेत माणसं बदलतात.

*उर्दू येणाऱ्यांसाठी:* तुमचं अर्धं काम झालेलं आहे, पण दोन खड्डे आहेत. अरबी कोशात नूननंतर आधी हे येतो, मग वाव. उर्दूत याच्या उलट. आणि उर्दूत आपण ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय या चौघांना एकच ‘ज़’ म्हणतो, अरबीत ते चार वेगळे आवाज आहेत. लिहिताना चुकणार नाही, ऐकून लिहिताना हमखास चुकाल.

२. धातू म्हणजे काय, हे तहसील कार्यालयात बघा

अरबी क्रियापदाच्या पोटात बहुतेक वेळा तीन व्यंजनं असतात. मदरशात त्याला माद्दा म्हणतात, आपण धातू म्हणू. स्वर आणि जास्तीची अक्षरं त्या तिघांभोवती फिरतात आणि अर्थ बदलतो.

हे समजायला परदेशी उदाहरण नको. तहसील, महसूल, हासील हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच धातूचे (बडी हे, साद, लाम). मूळ अर्थ हाती येणं. तहसील म्हणजे गोळा करणं, महसूल म्हणजे गोळा झालेलं. अरबीत आजही महसूल म्हणजे पीक. आपल्याकडे पिकावरचा सारा घेता घेता तो शब्द सरकारी झाला. निवृत्त तलाठ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. अठ्ठावीस वर्षं रोज लिहिलेल्या शब्दात पीक लपलं होतं.

तसेच वसूल (व-स-ल, पोचणं), मजकूर आणि जिक्र (ज़-क-र, उल्लेख करणं), कबूल आणि मुकाबला (क़-ब-ल).

*तपासा:* घरातल्या कोणत्याही सरकारी कागदावरून असे पाच शब्द काढा आणि त्यांची तीन अक्षरं लिहा. जमलं नाही तर पुढे जाऊ नका, हीच पायरी आणखी दोन दिवस करा.

३. कोशात काय शोधायचं

मराठी कोशात आपण ‘लिहिणे’ शोधतो. अरबी कोशात ‘णे’ नाही. तिथे नोंद असते ‘त्याने लिहिलं’, म्हणजे कतबऽ. सगळ्यात साधं, कशाचीही भर नसलेलं रूप हेच, म्हणून ते डोक्यावर.

आणि शब्द मांडलेले असतात धातूच्या पहिल्या अक्षराने. ‘इस्तक़बलऽ’ (त्याने स्वागत केलं) मी पहिल्यांदा अलिफखाली शोधला, मग सीनखाली, मग पुस्तकाला शिव्या दिल्या. तो क़ाफखाली क़-ब-लमध्ये बसला होता, कबूलच्या शेजारी.

हान्स वेअर यांचा अरबी-इंग्रजी कोश वापरत असाल तर धातूखाली रोमन आकडे दिसतील, दोन ते दहा; पहिल्याला आकडा नसतो. हे त्या धातूचे दहा साचे, म्हणजे त्याच तीन अक्षरांत ठरावीक भर घालून केलेली रूपं. त्यांचं पुढे येईल.

४. पहिला तक्ता: एकच क्रियापद, चौदा घरं

आता तक्ता उघडा. फक्त कतबऽचा.

आधी बघा तुमचं पुस्तक कुठून सुरू होतं. अरबी परंपरेत ‘तो’पासून सुरुवात, मग ‘तू’, शेवटी ‘मी’. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर गच्छति, गच्छसि, गच्छामि आठवा, तोच क्रम. इंग्रजी वळणाची काही पुस्तकं ‘मी’पासून सुरू करतात. दोन पुस्तकं एकदम वापरणारे इथेच गोंधळतात. मदरशाच्या गर्दानीत (क्रियापद ओळीने चालवण्यात) चौदा सीगे, म्हणजे रूपं, असतात आणि इंग्रजी तक्त्यात बहुधा तेराच, कारण ‘तुम्ही दोघं’ आणि ‘तुम्ही दोघी’ यांचं रूप एकच असल्याने ते एकदाच छापतात. पान फाटलेलं नाही.

द्विवचनाला घाबरू नका. रामः रामौ रामाः घोकलेल्या माणसाला ते नवीन नाही.

मराठी माणसाला इथे एक आयतं मिळतं. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ हा फरक आपल्या तोंडात आहेच. कतबतऽ (तू लिहिलंस, पुरुषाला) आणि कतबति (बाईला) हा तसाच भेद. उलट ‘मी’च्या बाबतीत आपण जास्तीचा भेद करतो. लिहितो, लिहिते. अरबीत दोघांना अक्तुबु एकच.

आता खरी खोड. ही चूक माझ्या ओसरीवर झाडून सगळ्यांनी केली आहे.

मराठीत म्हणतो ‘त्याने चिठ्ठी लिहिली’. क्रियापद चिठ्ठीमागे जातं, लिहिणाऱ्यामागे नाही. अरबीत चिठ्ठी म्हणजे रिसाला, तीही स्त्रीलिंगी. मग हात आपोआप लिहितो ‘कतबत रिसालतन’. याचा अर्थ झाला ‘तिने चिठ्ठी लिहिली’. बरोबर आहे ‘कतबऽ रिसालतन’. अरबी क्रियापद कर्माकडे बघतही नाही. नर्सबाईंनी यावर स्वतःचा उपाय काढला: वाक्य लिहिण्याआधी कर्त्यावर बोट ठेवायचं आणि क्रियापद लिहून होईपर्यंत काढायचं नाही. वेडगळ वाटतं, पण पंधरा दिवसांत खोड गेली.

दुसरी खोड अनेकवचनाची. क्रियापद आधी आणि कर्ता नंतर आला तर कर्ते दहा असले तरी क्रियापद एकवचनीच: कतबऽल-अवलादु, मुलांनी लिहिलं. कर्ता आधी आला की मात्र क्रियापद अनेकवचनी: अल-अवलादु कतबू.

*तपासा:* चौदा रूपं ओळीने म्हणता आली म्हणजे झालं असं समजू नका. आपल्या पाढ्यांचं होतं तेच इथे होतं. साती आठी विचारलं की पोरगं सात एके सातपासून सुरू करतं. चौदा चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, उचलाल ती पाच सेकंदांत सांगा. मदरशातून आलेल्या पोराची गर्दान रेल्वेसारखी सुटायची, पण ‘त्या दोघी’ विचारलं की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

५. सोलणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भुईमुगाची शेंग फोडतो तसं शब्दाचं टरफल काढत धातूपर्यंत जायचं. क्रम ठरलेला आहे.

क. पुढून सोला. व (आणि), फ (तर), स (भविष्यकाळ), ल, ब, अल. मग वर्तमानकाळाची खूण: य, त, अ, न यांपैकी एक.

ख. मागून सोला. आधी कर्माची सर्वनामं: हु, हा, हुम, क, नी. मग कर्त्याचे शेपूट: ऊन, आन, ईन, तु, त, ना.

ग. मधून सोला. जास्तीचा आ, दुहेरी झालेलं अक्षर, मध्ये घुसलेला त, सुरुवातीचा इस्त.

कुराणातल्या दुसऱ्या सूरेच्या १३७ व्या आयतीत एक लांबलचक शब्द आहे, फसयक्फीकहुम. सोलू या. फ गेला, तर. स गेला, भविष्य. य गेला, तो. मागून हुम गेला, त्यांना. क गेला, तुला. उरलं क्फी, म्हणजे क-फ-य, पुरेसं होणं. त्यांच्याविरुद्ध तुला तो पुरेसा होईल. आपण बोलताना वापरतो तो ‘काफी’ इथलाच.

जास्तीची म्हणून येणारी अक्षरं दहाच आहेत. ती लक्षात ठेवायला जुन्या व्याकरणकारांनी एकच शब्द करून ठेवलाय: सअल्तुमूनीहा, ‘तुम्ही मला ती विचारलीत’. हमज़ा, अलिफ, सीन, लाम, ते, मीम, वाव, नून, ये, हे. पुढून-मागून जोडलेले फ, ब, क काढल्यावर यांच्याबाहेरचं अक्षर दिसलं तर ते जवळजवळ नेहमी धातूचंच, धातूच्या रंगाने गिरवा. दुहेरी झालेलं अक्षर मात्र एकदाच मोजा.

उलट मात्र खरं नाही. ही दहा अक्षरं धातूतही असू शकतात. ‘तरकऽ’ (त्याने सोडलं) यातला त काढून टाकला की र-क उरतं आणि बसा शोधत.

*सावध:* सोलून दोनच अक्षरं उरली तर पाचपैकी एक गोष्ट झाली आहे. जास्त सोललं असेल, वर तरकऽमध्ये झालं तसं. किंवा पहिला वाव गळला असेल: यसिलु (तो पोचतो) याचा धातू व-स-ल. किंवा मधला वाव-ये लपला असेल: क़ुल (सांग) याचा धातू क़-व-ल. किंवा शेवटचा गेला असेल: लम यम्शि (तो चालला नाही) याचा धातू म-श-य. मर्रऽ (तो गेला) सारख्यात तर अक्षर गेलेलंच नसतं, दुसरं आणि तिसरं एकात एक बसलेलं असतं, म-र-र. ही यादी रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवा.

आणखी एक, फार फसवणारा: इत्तसलऽ, त्याने संपर्क केला. धातू व-स-ल. वाव त मध्ये विरघळला आणि त दुहेरी झाला.

*तपासा:* कोणत्याही अरबी मजकुरातली पंधरा क्रियापदं घ्या, अर्थ न बघता फक्त सोला, मग कोशात पडताळा. बारा बरोबर आली की पुढची पायरी.

६. वर्तमानकाळ, आणि मधला स्वर

यक्तुबु म्हणजे तो लिहितो. आपल्याकडचं ‘तो लिहून राह्यला’ हेसुद्धा यक्तुबुच. दोन वेगळी रूपं शोधत बसू नका.

भूतकाळावरून वर्तमानकाळातला मधला स्वर सांगता येत नाही. कतबऽ-यक्तुबु, जलसऽ-यज्लिसु (बसणं), ज़हबऽ-यज़्हबु (जाणं), शरिबऽ-यश्रबु (पिणं). म्हणून एकटा शब्द कधीच पाठ करू नका, तिघांची जोडगोळी करा: भूतकाळ, वर्तमान, मस्दर. कतबऽ, यक्तुबु, किताबा. साध्या साच्यातला मस्दरही नियमाने निघत नाही, तोही पाठच करावा लागतो.

ती आणि तू यांचं रूप इथे एकच होतं: तक्तुबु म्हणजे ती लिहिते, आणि तू (पुरुष) लिहितोस. कोणतं ते वाक्य सांगेल.

नकाराला तीन शब्द. ला यक्तुबु, तो लिहीत नाही. लन यक्तुबऽ, तो लिहिणार नाही. लम यक्तुब, त्याने लिहिलं नाही. शेवटच्याकडे नीट बघा: अर्थ भूतकाळाचा, रूप वर्तमानाचं. ‘लम कतबऽ’ असं काही नसतं, तरी प्रत्येक जण महिनाभर तेच लिहितो. लन आणि लम आले की यक्तुबूनऽमधला शेवटचा न गळतो, लम यक्तुबू. त्या बायांच्या यक्तुब्नऽचा न मात्र टिकून राहतो.

७. दहा साचे

हे आधी करा, वाव-ये ची वाकडी क्रियापदं नंतर. बहुतेक पुस्तकांत क्रम उलटा असतो, मला तो पटत नाही. साचे नियमाने चालतात, आणि त्यांचे मस्दर तर आपल्या तोंडातच आहेत.

दुसरा साचा: तहसील, तपशील, तालीम. तिसरा: मुकाबला, मामला. चौथा: इन्कार, इन्साफ. सहावा: तफावत. सातवा: इन्किलाब. आठवा: इंतजाम. दहावा: इस्तेमाल. प्रत्येक साच्याच्या डोक्यावर आपला शब्द लिहून ठेवा. तफईल, इफ्तिआल ही साच्यांची व्याकरणातली नावं घोकण्यापेक्षा हे कितीतरी लवकर बसतं.

अर्थाचा खेळ एका धातूवर बघा. अलिमऽ (ऐनने), त्याला कळलं. दुसऱ्या साच्यात अल्लमऽ, त्याने शिकवलं. पाचव्यात तअल्लमऽ, तो शिकला. दहाव्यात इस्तअलमऽ, त्याने चौकशी केली.

नववा साचा फक्त रंग आणि शारीरिक व्यंगांचा, म्हणून पुस्तकं तो दोन ओळींत उरकतात. आपण थांबू. इह्मर्रऽ म्हणजे लाल झाला. कपाशीवर लाल्या आला की पानांचं जे होतं ते सांगायला अरबीत एक अख्खा साचा राखून ठेवलेला आहे. ‘इह्मर्रतिल-अवराक़ु’, पानं लाल झाली. इथे क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी आहे हेही टिपून ठेवा. निर्जीव वस्तूंचं अनेकवचन अरबीत बहुधा ‘ती’सारखं वागवतात.

*तपासा:* कोशातला एक धातू उघडा, त्याखाली किती साचे आहेत ते मोजा. दहाही साचे जवळजवळ कधीच नसतात. स्वतः साचा बनवून शब्द खपवू नका.

८. वाकडी क्रियापदं: नऊ नमुने

शंभर तक्ते पाठ करायचे नाहीत. साध्या साच्यातले नऊ नमुने पक्के करा: कतबऽ, मर्रऽ, वसलऽ, क़ालऽ, बाअऽ, नामऽ, मशा, दआ, नसियऽ. बाकी क्रियापदाशेजारी बहुतेक पुस्तकात नमुन्याचा क्रमांक असतो. तो बघा आणि त्या पानावर जा, ‘ज़ारऽ’ (भेट दिली) दिसला की क़ालऽकडे.

मधला आ व्यंजनी प्रत्ययापुढे आखडतो, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं झालं. क़ालऽ पण क़ुल्तु, बाअऽ पण बिअतु, नामऽ पण निम्तु. या तिघांचा आ सारखा दिसतो, आखडल्यावर मात्र पहिल्यात उ येतो आणि बाकी दोघांत इ; ती दोघं वर्तमानकाळात वेगळी होतात, यबीउ आणि यनामु. म्हणून तिन्ही वेगळे पाठ करा.

आठवड्याला एक नमुना पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत तोही होत नाही, तेव्हा नवं काही न घेता जुन्या चिठ्ठ्या उचलत राहा.

आखातात जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना

हे पुस्तक लेखी अरबीचं आहे. तिथल्या बोलीत क्रियापदाचं द्विवचन वापरत नाहीत आणि शेवटचे ऱ्हस्व स्वर गळतात. तुम्ही ‘यक्तुबानि’ म्हणालात तर समोरचा समजेल, पण वर्तमानपत्र वाचून दाखवतोय असं त्याला वाटेल. वेल्डरला मी सातवी पायरी अर्धी आणि आठवी पूर्ण करून बोलीकडे वळवलं. क़ालऽ-नामऽ जातीची क्रियापदं रोजच्या बोलण्यात इतकी येतात की ती सोडून चालत नाही.

शेवटचं पान

रजिस्टरचं शेवटचं पान कोरं ठेवा. वर लिहा ‘न सापडलेले’. वाचताना धातू सापडला नाही तर त्याच वेळी तासभर झगडायचं नाही, शब्द तिथे टाकायचा आणि पुढे वाचायचं. रविवारी पाचव्या पायरीची यादी शेजारी घेऊन ते पान काढायचं. माझ्या पानावर आत्ता सहा शब्द आहेत. अनुभवाने सांगतो, त्यातले चार मधल्या वावचे निघतील.